अभ्यासालाही पाळ्या हव्यात



ऊस विकासाच्या पानावर अभ्यासाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण दहावी-बारावीच्या परीक्षा नेमक्या गळीत हंगामात येतात. घरात तोडणीची धांदल आणि पोरगं कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेलं. एका सभासदाचा मुलगा बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करून बाहेरून परीक्षा देतो. पालघरकडे गेलो असता आम्ही त्याला भेटलो. एका खोलीत चौघे, वर रात्रपाळी. "साहेब, अभ्यासाला जागाच नाही हो!"

त्याच जिल्ह्यात, बोईसरच्या उत्तरेस, कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेले काम १९५७ मध्ये तेथे नेले. आदिवासी मुले गुरे राखायला जात, शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणात गेली, ती कुरणशाळा. पाड्यावरच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. बिया, पाने, खडे हेच साहित्य.

तेव्हा जागेवाचून फारसे अडत नाही. मोबाईल मात्र दूर ठेवावा. खरी गोम पद्धतीत आहे. कृषी पदविकेच्या वेळी आम्हीही एकच पान दहादा वाचत असू. वाचताना सगळे येतेय असे वाटे, पेपर हाती पडला की पाटी कोरी! अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. उतारा वाचतच राहिलेल्या विद्यार्थ्यांना आठवड्याने सुमारे ४० टक्के आठवला. ज्यांनी थोडे वाचून मग पुस्तक मिटून तीनदा आठवून लिहिले, त्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारेच पुढे होते. फसगत होते ती इथेच.

म्हणून वैरण टाकता टाकता पोराला विचारा, "आज काय वाचलंस, सांग की." आपल्याला धडा येत नसला तरी त्याचे अडणे कळतेच. अडेल तिथेच पुस्तक उघडायचे. तोच धडा परवा, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने पुन्हा विचारायचा. उसाला तरी सगळे पाणी आपण एकदम कुठे पाजतो?

बोईसरच्या मुलालाही आम्ही हेच सांगितले. कामावर जाता-येता मनात आठवत जा आणि रात्रपाळीनंतर आधी झोप काढ. झोपेत वाचलेले पक्के होते.

परीक्षेच्या पंधरवड्यात मुलांना रात्रीच्या पाण्यावर पाठवू नये. गडी मिळत नसेल तर गट कार्यालयात कळवावे, काही सोय होते का ते पाहू.