संगणकाचे काम आणि संघाचा वस्ताद

अंजनगाव सुर्जीकडील एखाद्या घरचा मुलगा पुण्याला संगणकाच्या कंपनीत लागला की गावातील वडील मंडळी विचारतात, “काय करते बा तो तिथं दिवसभर?” उत्तर येते, “सॉफ्टवेअर.” एवढ्याने विचारणाराचे समाधान होत नाही, आणि व्हावयासही नको.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाने काय करावे याच्या लेखी सूचना. सातबाराचा उतारा निघतो, बँकेत पैसे जमा होतात, ते अशाच सूचनांवर. काम मोठे असले तर ते एकट्याच्याने होत नाही. पाच-सात-दहा जणांचा संघ लागतो.

हे काम करण्याची जुनी रीत पऱ्हाटीसारखी होती. आधी सगळा आराखडा, मग महिनोन्‌महिने काम, आणि शेवटी माल गिऱ्हाइकापुढे. तेव्हा कळायचे की त्याला भलतेच हवे होते! २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा राज्यात, स्नोबर्ड येथे, या धंद्यातील १७ जाणते लोक जमले व त्यांनी एक छोटासा जाहीरनामा लिहिला. या रीतीला ‘अजाइल’ म्हणतात. अजाइल म्हणजे चपळ, चटकन वळणारी. अंजनगावच्या पानमळेवाल्याला ती लगेच समजेल. पानमळ्यात थोड्याथोड्या दिवसांनी तोड निघते, बाजार पाहता येतो, आणि वेलाला काय कमी पडले ते पुढल्या तोडीच्या आत सुधारता येते. तसेच इथे. थोडे काम पुरे करावे, दाखवावे, चुकले ते दुरुस्त करावे, मग पुढचे घ्यावे. यातील ‘स्क्रम’ नावाच्या प्रकारात अशी एक फेरी महिन्याहून लांबवीत नाहीत. रोज पंधरा मिनिटे सगळे एकत्र येतात, पुष्कळदा उभ्या उभ्याच. (आपल्या काही सभाही उभ्याने घेतल्या तर भाषणे आवरती होतील.) फेरी संपली की आपण काम कसे केले याचाही विचार करतात.

रीत सोपी, पण ती माणसांवर अवलंबून. म्हणूनच संघाला कोच लागतो.

समजा, एक संघ बाजार समितीसाठी काट्यापट्टीचा हिशेब तयार करीत आहे. त्यातला एक नवा मुलगा खेड्यातून आलेला. हमाली आणि तोलाई कशी कापावयाची यावर तो तीन दिवस अडला आहे. रोजच्या बैठकीत मात्र तो म्हणतो, “चालू आहे.” कारण विचारले तर जुने लोक हसतील ही भीती. शिक्षक बंधुभगिनींना हा मुलगा चांगला ओळखीचा असेल, मागल्या बाकावर “समजलं का?” म्हटले की मान डोलावणारा तोच.

अशा वेळी काही कोच ते काम आपल्याच हाती घेऊन तासाभरात उरकतात. काम होते, संघ मात्र आहे तिथेच राहतो. दुसरा कोच मुलाकडे बोट न दाखवता सर्वांना विचारतो, “हे काम तीन दिवस जागचे हलले नाही. कोणाच्या ध्यानात आले का?” थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग कोणी म्हणते, तोलाईचा नियम मलाही ठाऊक नाही. आणि उघड होते की बाजार समितीच्या माणसाला एकानेही विचारलेले नव्हते! अडचण एकट्या मुलाची नव्हती, सगळ्यांची होती.

प्रश्न विचारून लोकांकडूनच उत्तर काढण्याची ही हातोटी आपल्याला परकी नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्याच शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा, जन्मले. गावात आले की हुकूम न सोडता ते खराटा घेऊन स्वतः झाडू लागत, आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांना प्रश्नावर प्रश्न विचारीत. उत्तर लोकांच्याच तोंडून येई. कोचाला यातला खराट्याचा भाग मात्र जपून वापरावा लागतो. एकदा दाखवावे, नंतर खराटा दुसऱ्याच्या हाती द्यावा.

आखाड्यातला वस्ताद डाव सांगतो, पठ्ठ्या करतो. संघाच्या वस्तादाला तेवढा अधिकार नसतो आणि नसलेलाच बरा. त्याच्यावर आणखी एक बंधन आहे. बैठकीत कोणी “मला जमत नाही” म्हटले आणि ते पगार ठरविणाऱ्या साहेबाच्या कानी गेले, तर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सगळे “चालू आहे” म्हणू लागतात. बैठक मग नुसती हजेरी होते. माझ्या मते चांगले कोच बहुधा इथेच फसतात, कारण साहेब विचारतो तेव्हा नाही म्हणणे अवघड असते.

शाळेत हे करून पाहावयाचे असेल तर चार-पाच मुलांच्या गटाला आठवड्याचे एक काम द्यावे; शाळेच्या बागेतला एखादा वाफा चालेल. शनिवारी विचारावे: काय जमले, कुठे अडले, पुढल्या आठवड्यात काय बदलाल? पहिल्या शनिवारी मुले गुरुजींच्या तोंडाकडे पाहतील. तेव्हा गुरुजींनी उत्तर सांगू नये, वाट पाहावी.