त्वचेचं काम शिकायचंय?

जळकोटच्या मुलामुलींना स्किन क्लिनिकमध्ये काम करायचं असेल, तर आधी एक ठरवावं: डॉक्टर व्हायचं की सौंदर्यतज्ज्ञ?

पहिली वाट लांब आहे. बारावी, नीट, एमबीबीएस आणि मग त्वचारोगातलं 3 वर्षांचं एमडी. लातूर आणि नांदेड, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दुसरी वाट आयटीआयच्या कॉस्मेटॉलॉजी ट्रेडची: दहावीनंतर 1 वर्ष. त्यात फेशियल, केस, मेकअप, स्वच्छता शिकवतात. मात्र बोटॉक्स, फिलर ही सुईची कामं या प्रमाणपत्रावर करता येत नाहीत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये केशरोपणाबाबत स्पष्टच सांगितलं, की कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

इतकी काळजी का? आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त. लेसरचा किरण ते शोषून घेतं, ताकद चुकली तर कातडी भाजते आणि काळा डाग महिनोन्महिने राहतो. म्हणून अशा त्वचेला 1064 नॅनोमीटरचा, खोल जाणारा लेसर तुलनेने सुरक्षित. तरीही आधी छोट्या जागेवर चाचणी घ्यावीच.

गोरेपणाच्या क्रीमचंही तसंच. स्टेरॉइड असलेलं मलम रोज चोळलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात. सरकारने 2018 मध्ये अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. गिऱ्हाईक हट्टाने मागेल, तरी ती देऊ नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा.

प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला विचारा: प्रमाणपत्र कुणाचं, आणि प्रत्यक्ष सराव किती? फी त्यानंतरच भरा.