उसाच्या रानातलं शहर

दौंडहून सोलापूर रस्त्यानं पुण्यात शिरताना हडपसरला मगरपट्टा सिटी लागते. आता जिथं टॉवर उभे आहेत, तिथं 1990च्या दशकापर्यंत ऊस आणि भाजीपाला होता. पुण्याच्या 1982च्या प्रारूप विकास आराखड्यानं ही जमीन भविष्यातील नागरी वापरासाठी दाखवली. म्हणजे शेती आज ना उद्या जाणारच होती, प्रश्न एवढाच की कुणाच्या हातून?

सतीश मगर या कृषी पदवीधरानं भाऊबंदांना एकत्र बसवलं. सुमारे 120 कुटुंबं, त्यांतली बहुतेक मगरच, आणि सुमारे 400 एकर जमीन. ती बिल्डरला विकायची नाही, एकत्र करायची आणि ज्याची जितकी जमीन, तितके त्याला कंपनीचे शेअर. आराखडा हफीज कॉन्ट्रॅक्टर यांचा. 2000 साली काम सुरू झालं. पोरांनी बांधकामाची, मालपुरवठ्याची कंत्राटं घेतली.

इंग्लंडात 1903 साली वसलेल्या लेचवर्थ या उद्याननगरीशी याची तुलना होते. मला मात्र यात साखर कारखाना दिसतो. पाटसचा भीमा असो की शिरूर तालुक्यातला न्हावऱ्याचा घोडगंगा, भागभांडवल आणि सभासद हे शब्द इथल्या शेतकऱ्याला नवे नव्हते. फरक एवढाच, की तिथं रान शेतकऱ्याकडंच राहतं. पुढं हाच नमुना सिंहगड रस्त्यावर नांदेड सिटीत वापरला गेला.