शाळा समितीवर निवड झाली, पण काम शिकवणार कोण?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे पटकन निसटून जातात, म्हणून इथे ते नीट मांडलेत. स्क्रीनशॉट काढा आणि तुमच्या घरातलं कुणी शाळेच्या समितीवर असेल, तर त्यांना पाठवून द्या.

विषय आहे शाळा व्यवस्थापन समिती. नाव जड आहे, पण गोष्ट तुमच्या गल्लीतली आहे. समजा, तुमच्या वहिनींचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. पालकसभेत कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं, टाळ्या वाजल्या, वहिनी समितीवर! महिनाभराने शाळेतून फोन येतो, "ताई, जरा सही करायला येता का?" वहिनी जातात. वही उघडलेली असते, बोट ठेवून जागा दाखवतात, सही होते. कशावर केली? माहीत नाही.

यात वहिनींचा दोष नाही आणि बऱ्याचदा मुख्याध्यापकांचाही नसतो. त्यांच्या डोक्यावर दहा ऑनलाइन माहित्या भरायच्या असतात. अडचण एवढीच की निवड झाली, पण काम कुणी शिकवलंच नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ मध्ये ही समिती आहे. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत. म्हणजे बारा जणांची समिती असेल तर नऊ पालक. निम्म्या जागा महिलांच्या. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. दर दोन वर्षांनी समिती नव्याने बनवायची आणि महिन्यातून किमान एकदा बैठक घ्यायची.

खासगी विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत समितीचं काम फक्त सल्ला देण्याचं उरलं. त्यामुळे आज आपण बोलतोय ते मुख्यतः जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिकेच्या शाळांबद्दल.

काम काय? शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणं, शाळेचा विकास आराखडा बनवणं आणि आलेल्या अनुदानाचा वापर बघणं. आता कलम २२ ऐका, कारण ते फार कमी लोकांना माहीत असतं. त्यात म्हटलंय की समितीने बनवलेला हा आराखडाच सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या पुढच्या योजनांचा आणि अनुदानाचा आधार असेल. म्हणजे कागदावर तरी गणित वरून खाली नाही, खालून वर आहे. पण खालच्या माणसाला आराखडा लिहिताच आला नाही, तर मागच्या वर्षीचाच कागद तारीख बदलून वर जातो.

मग प्रशिक्षण होतच नाही का?

होतं. समग्र शिक्षा योजनेत समिती सदस्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. केंद्र पातळीवर किंवा पंचायत समितीत गट पातळीवर ते घेतलं जातं. प्रश्न असा आहे की तिथे शिकवतात काय. बऱ्याच ठिकाणी दिवसभर कायद्याची कलमं, "तुमचे हक्क आणि कर्तव्ये", मग चहा, मग हजेरीपटावर सही. माणूस घरी येतो तेव्हा त्याला हक्क कळलेले असतात, पण उद्या सकाळी शाळेत जाऊन नेमकं काय करायचं ते कळलेलं नसतं.

हा फरक किती मोठा आहे, हे दाखवणारा एक अभ्यास आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 'प्रथम' या संस्थेबरोबर अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. 'प्रथम' म्हणजे मुंबईच्या वस्त्यांत सुरू झालेली संस्था. अर्थशास्त्रज्ञांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं. काही गावांत लोकांना ग्राम शिक्षण समितीबद्दल आणि तिच्या अधिकारांबद्दल माहिती दिली. काही गावांत त्याशिवाय मुलांना वाचता येतं का, हे तपासायची पद्धत शिकवली. आणि काही गावांत याच्याही पुढे जाऊन, तरुण स्वयंसेवकांना मुलांचे वाचनवर्ग घ्यायला शिकवलं.

२०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिन्ही प्रकारांत शाळेच्या आतलं चित्र बदललं नाही. लोकांचा सहभाग वाढला नाही, शिक्षकांच्या कामात फरक पडला नाही. पण तिसऱ्या प्रकारातल्या गावांत जी मुलं वाचनवर्गाला आली, त्यांचं वाचन चांगलंच सुधारलं.

याचा अर्थ मी असा लावतो: नुसती माहिती देऊन माणूस हलत नाही. हातात ठरावीक काम आणि ते करायची रीत दिली की तो हलतो. आणि हो, त्या वाचनवर्गांत पुढे आले ते तरुण होते, तुमच्या वयाचे.

दुसरा अभ्यास इंडोनेशियातल्या जावा बेटावरचा. तिथे शाळा समित्यांना काही ठिकाणी अनुदान दिलं, काही ठिकाणी प्रशिक्षण दिलं, काही ठिकाणी सदस्यांची निवडणूक घेतली आणि काही ठिकाणी समितीला गावच्या परिषदेशी जोडून दिलं. नुसतं अनुदान आणि नुसतं प्रशिक्षण यांचा मुलांच्या शिकण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. गावच्या परिषदेशी जोडलेल्या समित्यांच्या शाळांत मात्र मुलांची भाषा सुधारली. आपल्याकडे याचा सरळ अर्थ होतो: शाळा समिती आणि ग्रामपंचायत एकमेकांशी बोलली पाहिजेत.

म्हणून माझं म्हणणं एका ओळीत सांगतो. सदस्यांना कलमं पाठ करायला लावू नका, तीन कामं हातात धरून शिकवा: पैसे वाचणं, आराखडा लिहिणं आणि ठराव पुढे नेणं. एकेक बघू.

पहिलं काम: पैसे वाचणं

समग्र शिक्षेतून शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ते पटावर ठरतं. निकष असे आहेत:

- ३० पर्यंत मुलं: १०,००० रुपये
- ३१ ते १००: २५,००० रुपये
- १०१ ते २५०: ५०,००० रुपये
- २५१ ते १०००: ७५,००० रुपये
- १००० च्या वर: १,००,००० रुपये

यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात.

आता हिशोब करू. शाळेत २८ मुलं आहेत. १०,००० आले. १,००० स्वच्छतेला. उरले ९,०००. बारा महिन्यांनी भागा, महिन्याला ७५० रुपये. त्यात वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, सगळं. आता कळलं ना, पंखा दोन महिने बंद का असतो? आणि हेही बघा, पट ३० वरून ३१ झाला की निकषाप्रमाणे रक्कम १०,००० वरून २५,००० वर जाते. गावातलं शाळेबाहेर राहिलेलं एक मूल पटावर आणण्याची किंमत ही असते. मुलाच्या भविष्याची गोष्ट तर वेगळीच.

प्रशिक्षणात हा हिशोब प्रत्येक सदस्याने आपल्या शाळेचा पट घेऊन स्वतः करायला हवा. मग बैठकीत विचारायचे प्रश्न आपोआप सुचतात: किती आले? कधी आले? कशावर गेले? बिल कुठे आहे? यात संशय घेण्यासारखं काही नाही. उलट समितीसमोर हिशोब उघडा राहिला तर मुख्याध्यापकांनाही उद्या लेखापरीक्षणात त्रास होत नाही.

दुसरं काम: आराखडा लिहिणं

केंद्राच्या नमुना नियमांनुसार आराखडा तीन वर्षांचा असतो आणि त्यात दर वर्षाचा उपआराखडा असतो. त्यात इयत्तेनुसार पटाचा अंदाज, किती शिक्षक जास्त लागतील, कुठल्या सुविधा लागतील आणि पैसे किती लागतील, हे लिहायचं. आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी तो तयार व्हायला हवा. म्हणजे डिसेंबर अखेरपर्यंत. मार्चमध्ये घाईघाईत नव्हे.

"काय हवंय" हे कशावरून ठरवायचं? कायद्याला जोडलेली अनुसूची आहे, तीच यादी म्हणून वापरा. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं. पिण्याचं पाणी, खेळाचं मैदान, कुंपण, ग्रंथालय. पाचवीपर्यंत वर्षाला २०० कामाचे दिवस, सहावी ते आठवीला २२०. ही यादी हातात घेऊन शाळेभोवती एक फेरी मारा आणि 'आहे', 'नाही', 'आहे पण चालत नाही' असे तीन रकाने भरा. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कारण सरकारी नोंदीत नळ 'आहे' असतो, फक्त त्याला पाणी नसतं.

इथे तुमचा मोबाइल कामाला येतो. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेने स्वतःबद्दल भरलेली माहिती बघता येते. घरातल्या समिती सदस्याला ती काढून द्या. नोंद आणि वास्तव जुळत नसेल, तर आराखड्याचा पहिला मुद्दा तिथेच सापडला.

तिसरं काम: ठराव पुढे नेणं

सगळ्यात जास्त समित्या इथे अडकतात. बैठकीत सगळे बोलतात, "स्वच्छतागृहाचं दार तुटलंय, काहीतरी केलं पाहिजे." इतिवृत्तात लिहिलं जातं, "विविध विषयांवर चर्चा झाली." संपलं!

ठराव कसा हवा? "मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार तुटलेलं आहे. दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीकडे या आठवड्यात अर्ज द्यावा. अर्ज अमुक सदस्य देतील आणि पुढच्या बैठकीत काय झालं ते सांगतील." खाली सूचक, अनुमोदक आणि तारीख. अर्जाची पोच घ्यायची, आवक क्रमांक लिहून ठेवायचा, मोबाइलमध्ये फोटो काढायचा.

मग रस्ता: गावातलं काम ग्रामपंचायतीकडे. वर्षात किमान चार ग्रामसभा होतात, विषयपत्रिकेत हा विषय यावा म्हणून आधी लेखी द्या. शिक्षकांचा किंवा अनुदानाचा विषय असेल तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. मुलांच्या हक्काची लेखी तक्रार असेल तर कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाने संबंधितांचं म्हणणं ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे करता येतं.

आणि इतिवृत्त हे गुपित नाही. नमुना नियम सांगतात की बैठकीची नोंद नीट ठेवायची आणि ती लोकांना बघता आली पाहिजे.

एक सवय, जी उद्यापासून लागू शकते

पोषण आहाराचं घ्या. मुलांना वाढण्याआधी शिक्षकांसह दोन-तीन मोठ्या माणसांनी जेवण चाखायचं असतं. निकष आहे पाचवीपर्यंत रोज १०० ग्रॅम धान्य, पुढे १५० ग्रॅम. समितीतल्या पालकांनी वार वाटून घेतले तर एकेकावर महिन्यात दोन-तीन दिवससुद्धा येत नाहीत. यासाठी ना भाषण करावं लागतं, ना कलम आठवावं लागतं. पण पालक रोज शाळेच्या आवारात दिसू लागले की नळ, दार, पंखा सगळंच नजरेत येतं.

मोलमजुरी करणाऱ्या पालकाचा दिवस बुडतो, हे मला मान्य आहे. म्हणूनच बैठक सकाळी कामावर जायच्या आधी किंवा संध्याकाळी ठेवावी, आणि प्रशिक्षण तालुक्याला नेण्याऐवजी शाळेच्याच वर्गात, शाळेच्याच वह्या समोर ठेवून व्हावं. दोन तास, तेही दर दोन-तीन महिन्यांनी. दोन वर्षांची मुदत असते. पहिलं वर्ष कळण्यातच गेलं तर काम करायला उरतं काय?

तुम्ही अठरा-वीस वर्षांचे असाल तर आज समितीवर नसाल. पण तुमच्या घरातलं कुणीतरी आहे, किंवा शेजारचं. त्यांना एवढंच विचारा: "शेवटची सही कशावर केली होती?" उत्तर आलं तर छान. नाही आलं, तर वरचा निकषांचा तक्ता उघडा आणि त्यांच्या शाळेचा पट विचारून दोघं मिळून हिशोब करायला बसा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा!