नळाला बांधलेली चिंधी

रात्री घरात सामसूम झाली, की मोरीतून एक आवाज ऐकू येऊ लागतो. टप्... टप्... टप्! कोणीतरी कंटाळून उठते आणि नळ आणखी जोराने आवळते. आवाज थोडा वेळ थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. मग शेवटचा उपाय केला जातो. नळाच्या तोंडाला एक चिंधी बांधायची आणि तिचे टोक खालच्या बादलीत सोडायचे. आवाज बंद! सगळे निवांत झोपी जातात.

विद्यार्थिमित्रांनो, आवाज थांबला हे खरे, पण गळती थांबली का? मुळीच नाही. आधी थेंब उंचावरून पाण्यावर आपटत होता, म्हणून आवाज येत होता. आता तो चिंधीवरून गुपचूप ओघळत खाली येतो, इतकेच. चिंधीने आपल्या कानांची सोय केली, पाण्याची नाही. आणि बादली भरून वाहू लागली, की ते पाणी गटाराची वाट धरते.

ही गळती थांबवणे तुमच्या आवाक्यातले काम आहे. त्याला लागणारा वायसर अगदी थोड्या पैशांत मिळतो. पण आधी किती पाणी जाते ते मोजू आणि नळ का गळतो ते समजून घेऊ.

थेंबांचा हिशेब

नळाच्या तोंडाशी पाणी जमते, तेव्हा ते लगेच पडत नाही. पृष्ठताणामुळे ते तोंडाला लोंबकळत राहते. थेंब वाढत जातो आणि त्याचे वजन पृष्ठताणाला पेलवेनासे झाले, की तो सुटतो. म्हणून बारीक तोंडाच्या ड्रॉपरचा थेंब लहान असतो आणि रुंद तोंडाच्या नळाचा मोठा. यामुळे नुसते थेंब मोजून पाण्याचा अंदाज नीट येत नाही. त्यापेक्षा ही सोपी रीत वापरा.

गळक्या नळाखाली बरोबर दहा मिनिटे एक वाटी ठेवा. जमलेले पाणी औषधाच्या मापाने किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतील मोजपात्राने मोजा. त्या आकड्याला १४४ ने गुणा, कारण एका दिवसात दहा-दहा मिनिटांचे १४४ भाग असतात.

समजा, वाटीत ५० मिलिलिटर पाणी जमले. म्हणजे दिवसाला ७,२०० मिलिलिटर, अर्थात ७.२ लिटर. वर्षाला झाले २,६२८ लिटर! पंधरा लिटरची बादली घेतली, तर अशा सुमारे १७५ बादल्या. गच्चीवर टाकी असेल, तर हा नळ तुम्ही झोपेत असतानाही गळतच असतो. ज्या घरात उन्हाळ्यात आई पहाटे उठून पाणी भरते, त्या घरात १७५ बादल्यांची किंमत वेगळी सांगायला नको.

नळाच्या पोटात काय असते?

फिरवून फिरवून बंद करायचा साधा पितळी नळ घ्या. त्याच्या पोटात मधोमध एक आडवा पडदा असतो आणि त्या पडद्याला एक गोल भोक असते. पाणी त्या भोकातून वर येते आणि तोटीकडे जाते. भोकाच्या काठाला आपण 'बैठक' म्हणू. बैठकीच्या वर एक छोटी पितळी खुंटी असते. तिच्या तळाशी बसवलेली रबराची चकती म्हणजेच वायसर. खुंटीच्या वर आटे पाडलेला दांडा असतो आणि दांड्याच्या डोक्यावर आपण फिरवतो ती मूठ.

मूठ फिरवली, की दांडा आट्यांवरून खाली सरकतो आणि वायसर बैठकीवर दाबला जातो. रबर लवचिक असल्यामुळे बैठकीवरच्या बारीकसारीक खाचा ते भरून काढते आणि पाण्याला वाट उरत नाही. मूठ उलटी फिरवली, की दांडा वर जातो, पाणी खुंटीला ढकलते आणि नळ सुरू होतो.

आता गळतीचे कारण ओळखता येईल. बहुतेक वेळा हा वायसर झिजलेला असतो. वर्षानुवर्षे बैठकीच्या काठावर दाबला गेल्याने त्यावर गोल चरा पडतो. रबर जुने होऊन कडक होते आणि पूर्वीसारखे खाचांत बसत नाही. कधी वाळूचा एखादा कण मध्ये अडकतो. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी असेल, तर बैठकीवर क्षारांचा पांढरा थर साचतो.

जोराने आवळू नका!

नळ गळू लागला, की आपण तो आणखी आवळतो. हे बरोबर आहे का? एक छोटे गणित करून पाहू.

टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा १० मीटर उंच आहे असे धरा. १० मीटर उंच पाण्याचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतका असतो. बैठकीच्या भोकाचा व्यास १.२ सेंटिमीटर धरला, तर क्षेत्रफळ सुमारे १.१३ चौरस सेंटिमीटर येते. म्हणजे पाणी वायसरला खालून फक्त सव्वा किलोच्या आतबाहेर वजनाइतक्या जोराने ढकलते.

आता तुमच्या हाताचा जोर पाहा. मुठीची त्रिज्या ३ सेंटिमीटर असेल, तर एका पूर्ण फेऱ्यात हात सुमारे १९ सेंटिमीटर, म्हणजे १९० मिलिमीटर फिरतो. तेवढ्यात दांडा साधारण अडीच मिलिमीटर खाली जातो असे समजू. १९० ला २.५ ने भागले, की उत्तर येते ७६. मळसूत्राचा हाच फायदा! ते म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतारच असतो. आट्यांमधील घर्षणात तीन-चतुर्थांश जोर वाया गेला, तरी हाताचा जोर १९ पट होतो. तुम्ही २ किलो वजनाइतका जोर लावला, तर वायसरवर ३८ किलोंचा भार पडतो.

सव्वा किलोला अडवायला ३८ किलो! एवढ्या भाराखाली रबरावरचा चरा अधिकच खोल होतो. नळ आज थांबतो, पण आठवड्याने पुन्हा गळतो. मग पुन्हा अधिक जोर, पुन्हा अधिक चरा. शेवटी आट्यांची झीज होते आणि घरातल्या आजीच्या दुखऱ्या बोटांना तो नळ उघडताही येत नाही आणि बंदही करता येत नाही. नळ चांगला असेल, तर तो दोन बोटांनी बंद झाला पाहिजे. दोन बोटांनी बंद होत नसेल, तर तो जोर मागत नसून नवा वायसर मागत आहे, असे समजा.

वायसर कसा बदलावा?

साहित्य: एक पाना, एक पकड, नळाच्या मापाचा नवा वायसर, जुने फडके. घरातले नळ बहुधा अर्ध्या इंचाचे असतात. पण जुना वायसर दुकानात नेऊन दाखवावा, म्हणजे चूक होत नाही. हे काम पहिल्यांदा करताना घरातील मोठ्या माणसाला बरोबर घ्या.

कृती:

१. पाण्याचा मुख्य कॉक बंद करा. मग गळका नळ पूर्ण उघडा आणि नळीत उरलेले पाणी वाहून जाऊ द्या. पाणी थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. मोरीच्या जाळीवर फडके टाका. लहान खुंटी किंवा वायसर गटारात गेला, तर काम तिथेच अडते.

३. मुठीच्या खाली जो षट्कोनी भाग दिसतो, त्यावर पाना बसवा. नळ चकचकीत असेल, तर आधी फडके गुंडाळा, म्हणजे ओरखडे पडणार नाहीत. एका हाताने नळाचे अंग घट्ट धरा आणि पाना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा. नळाचे अंग न धरता जोर लावला, तर भिंतीतली नळी पिरगळते आणि एका गळतीच्या दोन गळत्या होतात.

४. वरचा भाग दांड्यासह बाहेर येईल. खुंटी काढून तिचा जुना वायसर पाहा. त्यावरचा गोल चरा बोटाला लागेल.

५. नळाच्या आत बैठकीवरून बोट फिरवा. पांढरा थर असेल, तर त्यावर लिंबाच्या रसात भिजवलेला बोळा काही वेळ ठेवा. बारीक बुडबुडे येऊ लागतील. लिंबातील आम्लाची थरातील कॅल्शियम कार्बोनेटशी क्रिया होऊन निघणारा तो कार्बन डायऑक्साइड वायू होय. नंतर बैठक पुसून घ्या. बैठकीलाच खाच पडलेली असेल, तर मात्र नवा वायसरही टिकणार नाही. तेथे नळ-कारागिराला बोलवा.

६. नवा वायसर बसवा आणि सर्व भाग उलट क्रमाने जोडा. जोडताना दांडा वर घेतलेलाच असू द्या. मुख्य कॉक हळूहळू उघडा आणि नळ दोन बोटांनी बंद करा.

नळ तोंडातून न गळता मुठीच्या मुळाशी गळत असेल, तर वायसरचा दोष नाही. दांड्याभोवती पाणी अडवणारा धागा किंवा रबरी कडे झिजलेले असते आणि तेच बदलावे लागते. अर्ध्या किंवा पाव फेऱ्यात उघडणाऱ्या अनेक नव्या नळांत वायसरऐवजी चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाच्या दोन गुळगुळीत चकत्या असतात. तो आतला संच अखंडच बदलतात.

आवाज न करणारी गळतीही शोधता येते. संडासाच्या फ्लशच्या टाकीत थोडी निळी शाई टाका आणि अर्धा तास कोणी पाणी सोडू नका. भांड्यात निळा रंग उतरला, तर टाकी गळते आहे.

तोच थेंब, पण बागेत

मोरीत वाया जाणारा थेंब झाडाच्या मुळाशी मात्र मोलाचा ठरतो. आजच्या इस्राएलमध्ये १९३० नंतरच्या काळात सिम्हा ब्लास नावाच्या जलअभियंत्याला एक झाड शेजारच्या झाडांपेक्षा खूपच मोठे वाढलेले दिसले. शोध घेता जवळच्या नळीच्या जोडातून पाणी थेंबथेंब झिरपत असल्याचे आढळले. पुढे स्वस्त प्लास्टिकच्या नळ्या मिळू लागल्यावर, १९६० च्या सुमारास, त्याने याच कल्पनेतून ठिबक सिंचनाची पद्धत उभी केली. आपल्याकडे जळगाव भागातील केळीच्या बागांना ही पद्धत वरदान ठरली.

तुम्हीही करून पाहा. जुना, न रंगवलेला मातीचा माठ रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरा आणि पाण्याने भरा. डास होऊ नयेत म्हणून तोंडावर झाकण ठेवा. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपत राहते. माती कोरडी असली की जास्त आणि ओली असली की कमी. येथे गळती हवी तिथे, हवी तेवढीच होते.

लेखक व व्यंगचित्रकार आबिद सुरती यांनी २००७ साली मुंबईजवळ मीरा रोड येथे एक साधे काम सुरू केले. रविवारी एक नळ-कारागीर बरोबर घ्यायचा, दारोदार जायचे आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. त्यांनी मोठे यंत्र शोधले नाही, फक्त पाना आणि वायसर घेऊन ते लोकांच्या घरी गेले.

तुमच्या शाळेत किती नळ आहेत? त्यांतील किती गळतात? येत्या शनिवारी शिक्षकांना बरोबर घेऊन मोजा. दहा मिनिटांची वाटी ठेवून वर्षाचा हिशेब काढा आणि तो फळ्यावर लिहा. मग वायसर बदला आणि पुन्हा मोजा. आणि हो, एखाद्या नळाला चिंधी बांधलेली दिसली, तर ती आधी सोडा. तो नळ कधीपासून तुम्हाला हाका मारत असेल!