सायकल शर्यतीत उतरताना

कोल्हापूरला शर्यतीचे वेड नवे नाही. तालमीत कुस्ती, पेठापेठांत फुटबॉल आणि गावोगावच्या जत्रेत सायकलची शर्यत हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. याच जिल्ह्यातल्या, हातकणंगले तालुक्यातील इंगळीच्या पूजा दानोळे हिने २०२० साली गुवाहाटीच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत सायकलिंगमध्ये महाराष्ट्राला सुवर्णपदके मिळवून दिली. आपल्या मुलींना सांगावे असे हे नाव आहे.

हौशी तरुणांच्या तोंडी आता 'क्रिटेरियम' हा शब्द येऊ लागला आहे. जत्रेतली शर्यत बहुतेक वेळा या गावाहून त्या गावापर्यंत असते. क्रिटेरियममध्ये रहदारी बंद केलेल्या रस्त्यावर ठरावीक फेऱ्या मारायच्या असतात. आंतरराष्ट्रीय नियमांत एक फेरी ८०० मीटर ते १० किलोमीटरची असते, हौशी शर्यतीत ती साधारण एक-दोन किलोमीटरची ठेवतात. शेवटच्या फेरीला घंटा वाजते. एक फेरी मागे पडलेल्याला पंच अनेकदा बाहेर काढतात. तो अपमान समजू नये. दमलेला स्वार वेगाच्या घोळक्यात अडकला, तर त्याच्याबरोबर इतरही पडतात, म्हणून हा नियम आहे.

आम्ही अपघात विभागात परिचारिका म्हणून काम केले आहे आणि आता वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करतो. त्यामुळे शर्यत म्हटली की आमची नजर आधी वळणाकडे जाते.

शंभर वळणांचा हिशेब

एक किलोमीटरची फेरी, तीत चार वळणे, एकूण २५ फेऱ्या. म्हणजे पाऊण तासात शंभर वेळा वेग कमी करायचा आणि शंभर वेळा पुन्हा जोर लावायचा. रोज सायकलने कामावर जाणाऱ्याचे पाय कणखर असतात, पण त्यांना एका लयीत चालण्याची सवय असते. इथे दर अर्ध्या मिनिटाला धक्का बसतो. छाती भरून येते, मांड्या पेटतात आणि अशा वेळी डोकेही नीट चालत नाही. शेवटच्या फेऱ्यांत पडण्याचा धोका वाढतो, तो यामुळेच.

पुढच्या सायकलच्या आडोशाने चालवले, तर वारा कमी लागतो आणि साधारण पाव हिस्सा तरी ताकद वाचते. पण घोळक्याच्या अगदी शेवटी राहू नये. पुढच्यांनी वळणावर थोडा ब्रेक लावला, की मागच्याला जास्त लावावा लागतो आणि नंतर त्यांना गाठायला दुप्पट जोर काढावा लागतो. पुढच्या तिसऱ्या भागात राहणारा कमी दमतो आणि कमी पडतो.

वळण कसे घ्यायचे, हे आधी रिकाम्या मैदानात हळू वेगात शिका. ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात नाही. ज्या बाजूला वळायचे त्या बाजूचे पायडल वर ठेवा, नाहीतर ते रस्त्याला घासून सायकल उडते. वजन बाहेरच्या पायावर घ्या. नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळण जिथे संपते तिथे ठेवा. आपली रेघ सोडून दुसऱ्याच्या रेघेत शिरू नका. वाळू, सांडलेले ऑइल आणि रस्त्यावरचे ओले पांढरे पट्टे फेरी सुरू होण्याआधीच पाहून ठेवा.

तयारी महाग नाही

आधी चार-सहा आठवडे नियमित सायकल चालवा. मग आठवड्यातून दोनदा अर्धा मिनिट पूर्ण जोर, दोन मिनिटे आराम, असे सहा ते आठ वेळा करा. हा सराव हायवेवर नको. रात्रपाळी करून आल्यावर तर मुळीच नको, त्या दिवशी झोप हाच सराव.

चाळिशी ओलांडलेल्यांनी रक्तदाब, साखर आणि ईसीजी तपासून घ्यावा. घरात कोणी कमी वयात अचानक दगावले असेल किंवा जोर लावताना छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर वय कितीही असो, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उतरू नका. अंगात ताप असताना शर्यत नकोच. त्या काळात हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो.

मुलींसाठी एक तपासणी आवश्यक आहे, हिमोग्लोबिनची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेली मुलगी दोन फेऱ्यांत धापा टाकते आणि घरचे म्हणतात, "हिला झेपत नाही." झेपत नाही ते शरीराला प्राणवायू पुरत नाही म्हणून. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या घ्या आणि गोळीच्या आगेमागे चहा टाळा. पाळी आली म्हणून शर्यत सोडण्याचे कारण नाही. त्रास होत नसेल तर खुशाल उतरावे.

पाऊण तासाच्या शर्यतीला महागडी पावडर किंवा जेल लागत नाही. दोन-तीन तास आधी पोहे, भाकरी-भाजी किंवा केळी पुरेत. सोबत पाणी ठेवा, कडक उन्हात लिंबू-मीठ-साखरेचे सरबत घ्या. शर्यतीआधी पंधरा-वीस मिनिटे हळूहळू अंग तापवा. संपल्यावर एकदम थांबू नका. रक्त पायांत साचून भोवळ येते, म्हणून पाच-दहा मिनिटे सावकाश चालवा.

सायकल जुनी चालेल, पण दोन्ही ब्रेक पक्के हवेत. हँडलच्या दोन्ही टोकांना बूच हवेच. पडताना उघडी नळी पोटात घुसली, तर यकृत किंवा प्लीहा फाटू शकते. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे बसावे आणि पट्टा हनुवटीखाली घट्ट असावा. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये.

पडल्यावर

पडलेला मुलगा उठून कपडे झटकतो आणि म्हणतो, "काय न्हाई झालं, सिस्टर." या वाक्यामागची भीती आम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला कामावर जायचे असते. खाडा पडला की पगार कापला जातो आणि दवाखान्याचा खर्च वेगळा. म्हणून मार लपवला जातो.

खरचटलेली जखम भरपूर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, खडे-माती काढा. हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट काही लावू नका. मातीची जखम असेल आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे झाली असतील, तर ते पुन्हा घ्या.

डोक्याला मार लागला असेल, तर शर्यत तिथेच संपली, मग तो पहिल्या नंबरावर असला तरी. तोच प्रश्न पुन्हा विचारणे, उलटी, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणे, यांपैकी एकही दिसले तर लगेच १०८ ला फोन करा. चांगला दिसला तरी २४ तास त्याला एकटे सोडू नका. मान दुखत असेल तर उचलून बसवू नका, हेल्मेट ओढून काढू नका. हँडल पोटात लागले असेल आणि काही तासांनी पोट दुखू लागले, तरी दवाखाना गाठा. खांद्यावर पडल्यावर गळ्याजवळचे हाड मोडणे हे सायकलस्वारांमध्ये नेहमीचे. ते जुळायला सहा आठवडे किंवा जास्त लागतात. बक्षिसाच्या रकमेशी या बुडालेल्या मजुरीचा हिशेब एकदा घरी बसून करून पाहा.

पैशाअभावी उपचार थांबवू नका. कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अपघाताच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा. कारखान्यात ईएसआय कापला जात असेल, तर ते कार्डही खिशात असू द्या.

मंडळांना विनंती

जयंतीनिमित्त शर्यत ठेवणाऱ्या मंडळांना आमचे सांगणे आहे. पोलिसांची परवानगी घेऊन रस्ता खरोखर बंद करा. प्रत्येक वळणावर शिट्टी घेऊन दोन कार्यकर्ते उभे करा. विजेच्या खांबांना गाद्या किंवा कडब्याच्या पेंढ्या बांधा. रुग्णवाहिका आल्याशिवाय शर्यत सोडू नका. हेल्मेट नसलेल्याला उभे करू नका, पण ज्याला ते परवडत नाही त्याला परतही पाठवू नका. मंडळाच्या वर्गणीतून दहा हेल्मेट घेऊन ठेवा आणि मुलींची वेगळी शर्यत त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर, तेवढ्याच बक्षिसाची ठेवा. यंदा एक ढाल कमी घेतली, तरी या खर्चाची सुरुवात होईल.