गाडी मिसिंग मारते? इंजिन खोलण्याआधी एवढे तपासा



गळिताचा हंगाम सुरू झाला, की आपल्या मोटारसायकलीला बैलापेक्षा जास्त राबावे लागते. पहाटे टोळीकडे, दुपारी वजनकाट्यावर आणि रात्री लाइट येईल त्या वेळेला विहिरीवर. गेल्या हंगामात आमच्या फडात कोयता लागला आणि नेमकी त्याच आठवड्यात माझी गाडी मिसिंग मारू लागली. सकाळी थंड इंजिनवर ठीक चाले. चार-पाच किलोमीटर गेल्यावर झटके देई, आणि चढाला मागे माणूस बसला की गपकन बसे. एका गॅरेजवाल्याने आवाज ऐकला आणि सांगून टाकले, "बोअर-पिस्टन गेलंय, इंजिन खोलावं लागेल." खर्च म्हणजे दीड-दोन टन उसाचे पैसे, शिवाय चार दिवस गाडी उभी. टोळी रानात असताना चार दिवस कुठून आणायचे?

आमच्या शेजारी एक जुने मेस्त्री राहतात. त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "दादा, आधी इंजिनला विचारा, मग पाना उचला." त्यांनी जे शिकवले ते सर्वांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

मिसिंग म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनला तीन गोष्टी लागतात : हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, वेळेवर ठिणगी आणि पुरेसे कॉम्प्रेशन, म्हणजे दाब. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा पेट होतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरत असेल तर १,५०० वेळा पेट झाला पाहिजे. त्यातले काही पेट हुकले की झटके बसतात. यालाच आपण मिसिंग म्हणतो. तपासणी स्वस्ताकडून महागाकडे करावी. आधी पेट्रोल व एअर फिल्टर, मग ठिणगी आणि शेवटी कॉम्प्रेशन. फडातली धूळ आणि पाचटाचा भुसा फिल्टर लवकर चोंदवतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्लग काय सांगतो?

प्लग काढण्याआधी त्याच्या भोवतालची धूळ फुंकून टाकावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल तर पेट व्यवस्थित होतो आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. तेलकट काळा असेल तर ऑइल वर येते आहे. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडते किंवा इंजिन फार तापते. पेट्रोलने ओला असेल तर बहुधा ठिणगी पडत नाही, नाहीतर चोक ओढलेला राहिला आहे. प्लगमधले अंतर गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. लहान गाड्यांना ते साधारण ०.६ ते ०.९ मिलिमीटर असते. फीलर गेजने मोजावे, अंदाजाने ठोकू नये.

ठिणगीची परीक्षा

प्लगला कॅप लावून त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवावा आणि किक मारावी. निळसर, कडक, चटचट आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी, मरतुकडी किंवा मध्येच गायब होणारी ठिणगी वाईट. अशा वेळी आधी दुसरा चांगला प्लग लावून बघावा, मग कॅप, मग वायर. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बघितले, तर फुटक्या कॅपमधून किंवा वायरमधून बाहेर उडणारी ठिणगी डोळ्यांना दिसते. पावसात किंवा दवातच मिसिंग होत असेल तर हेच कारण बहुधा असते.

इथे तीन पथ्ये पाळा. प्लग त्याच्या भोकापासून लांब ठेवा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ येते. जवळ पेट्रोलचा डबा, विडी किंवा वाळलेले पाचट नको. आणि कॅप मोकळी लोंबत ठेवून किक मारू नका, त्याने आतले इलेक्ट्रॉनिक युनिट जळू शकते.

माझ्या गाडीची ठिणगी पिवळी निघाली. कॅपला बारीक तडा होता. कॅप आणि प्लग नवा घातला. गाडी सुधारली, पण तापल्यावरचे झटके राहिलेच. इथेच आपण फसतो. एक दोष सापडला की दुसरा नाहीच असे समजतो.

कॉम्प्रेशनची परीक्षा

यासाठी कॉम्प्रेशन गेज लागते. इंजिन गरम करून बंद करावे, किल्ली बंदच ठेवावी, प्लग काढून त्या जागी गेज बसवावे. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरावा आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत पाच-सहा किका माराव्यात. ॲक्सिलरेटर न पिळता मोजले तर हवा आत शिरत नाही आणि चांगले इंजिनही खराब दिसते. चांगल्या लहान इंजिनचा दाब साधारण ९ ते १२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर येतो. खरा आकडा पुस्तकातलाच धरावा. नुसत्या सेल्फवर चालणाऱ्या गाडीला किल्ली चालू करावी लागते, म्हणून तिची ही परीक्षा जाणकाराकडूनच करून घ्यावी.

माझ्या गाडीचा दाब आला ६. मी मनात म्हटले, संपले, गॅरेजवाल्याचे खरे ठरले. मेस्त्री म्हणाले, "थांबा, अजून एक प्रश्न राहिलाय." त्यांनी प्लगच्या भोकातून लहान चमचाभर इंजिन ऑइल सोडले आणि पुन्हा मोजायला लावले. ऑइलने काटा चांगला वर चढला तर रिंगा व बोअर झिजले, कारण ऑइल ती फट तात्पुरती बुजवते. काटा तिथेच राहिला तर दाब व्हॉल्व्हमधून किंवा हेड गॅस्केटमधून जातो आहे. माझा काटा जेमतेम साडेसहावर गेला. म्हणजे बोअर-पिस्टनचा गुन्हा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर टॅपिट तपासले. एक्झॉस्टच्या टॅपिटमध्ये सर्वांत पातळ फीलरसुद्धा शिरेना. टॅपिट आवळलेले असले की व्हॉल्व्ह तापून लांबतो आणि पूर्ण बसत नाही. दाब निसटतो, म्हणूनच गरम झाल्यावर मिसिंग. पुस्तकाप्रमाणे अंतर ठेवले, गाडी फिरवून आणली आणि पुन्हा मोजले. काटा १० वर! टॅपिट लावूनही दाब वाढला नसता तर व्हॉल्व्ह जळला असे समजून हेड खोलावेच लागले असते.

सांगण्याचा मुद्दा कोणा फिटरला नावे ठेवण्याचा नाही. माझ्या मेव्हण्यांच्या गाडीची अशीच परीक्षा केली. तिथे ऑइल घालताच काटा ५ वरून ९ वर गेला. त्यांच्या रिंगा खरोखरच गेल्या होत्या आणि त्यांनी बोअरचे काम डोळे मिटून नव्हे, खात्रीने करून घेतले.

ट्रॅक्टर असेल तर?

डिझेल इंजिनला ठिणगीचा प्लगच नसतो. तिथे हवा दाबून इतकी तापते, की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. त्यामुळे दाब कितीतरी जास्त असतो. पेट्रोलचे गेज डिझेल इंजिनला कधीही लावू नका. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या ट्रॅक्टरमध्ये मेस्त्री एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित सैल करून बघतो. इंजिनचा आवाज बसला तर तो सिलिंडर काम करतो आहे, काहीच फरक पडला नाही तर दुखणे त्याच सिलिंडरचे. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. या डिझेलचा फवारा कातडी भेदून आत जातो आणि हाताला कायमची इजा करतो. नव्या कॉमन रेल ट्रॅक्टरवर तर हा प्रयोग कोणीच करू नये.

शेवटी एक विनंती. गेज प्रत्येकाने घ्यायची गरज नाही. चार-पाच शेजाऱ्यांत मिळून एक पुरते. गाडी चांगली चालत असतानाच एकदा दाब मोजून, ज्या वहीत आपण उसाच्या पावत्या जपतो तिच्या शेवटच्या पानावर तारखेसह आकडा लिहून ठेवा. उद्या कोणी "इंजिन गेलं" म्हणाला, तर त्याच्यासमोर वही उघडता येईल. माझ्या वहीत १० लिहिले आहे. पुढच्या दसऱ्याला पुन्हा मोजणार आहे.